दिलेली खोली

कडेवर मूल घेतलेली परमुलखातली बाई कुठं दिसली, की माझी नजर तिच्या तोंडावर जाते. सांबऱ्याच्या रस्त्याला इमारतींची कामं चाललीत तिथं, कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या थांबतात तिथं, बसस्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीपाशी. मी त्या बाईला ओळखणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी तिला कधी पाहिलेलंच नाही. तरी बघते. गाडी चालवताना नवरा विचारतो, "कुणाला शोधतेस?" मी "कुणाला नाही" म्हणते आणि काच वर करते.

मी बेळगावात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी एक आख्खा महिना पूर्वग्रहावर जातो. पुरावा बघण्याआधीच देऊन टाकलेला निकाल म्हणजे पूर्वग्रह, असं मी फळ्यावर लिहिते आणि मुलं ते खाली मान घालून उतरवून घेतात. इथल्या मुलांना खरं तर ते शिकवायची गरज नाही. सीमेवरच्या माणसाला जन्मापासून दोन्हीकडून विचारतात, तू नक्की कुठला. कोल्हापुरात गेलं तर आमची मराठी ऐकून हसतात, बंगळूरला गेलं तर आमची कानडी ऐकून. अशी माणसं तरी बाहेरून आलेल्याला समजून घेतील, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं, पण फार नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका विद्यापीठातल्या मंडळींनी आमच्या भागात एक अभ्यास काढला. यंत्रमागावर, बांधकामावर, हॉटेलात काम करायला उत्तरेकडून जी कुटुंबं येतात, त्यांना राहायला खोली मिळणं किती अवघड जातं, हे त्यांना बघायचं होतं. घरमालकांना सरळ विचारलं तर सगळे शहाण्यासारखं बोलतात. "आम्हाला सगळे सारखेच" असं म्हणून चहाही पाजतात. म्हणून पद्धत अशी ठरली, की गल्लीत "खोली भाड्याने देणे आहे" अशी पाटी दिसली की तिच्यावरचा नंबर आणि घराचा पत्ता टिपायचा आणि त्या नंबरावर तीन दिवसांत तीन बायकांनी फोन करायचे. एकीनं मराठीत, एकीनं कन्नडमध्ये, एकीनं हिंदीत. तिघींची गोष्ट एकच: नवरा मागावर कामाला लागतोय, सोबत आठ महिन्यांचं मूल, खोली मिळेल का? मालक काय म्हणाला ते ऐकायचं आणि तक्त्यात खूण करायची.

मराठी आणि कन्नड फोन माझ्या सोबतच्या दोघीजणी करायच्या. हिंदीचे माझ्याकडे आले. एम.ए. करताना मी उत्तरेतल्या एका वसतिगृहात दोन वर्षं काढली होती. तिथली माझी खोलीतली मैत्रीण बिहारमधल्या एका खेड्यातली होती आणि तिचं बोलणं माझ्या जिभेवर जसंच्या तसं बसलेलं होतं. ती थोरल्या बाईला "माँजी" म्हणायची, वाक्याच्या शेवटी आवाज जरा खाली सोडायची. पहिल्या फोनला मी तो आवाज काढला आणि माझ्याच अंगावर काटा आला. मी नसलेली एक बाई माझ्या गळ्यातून बोलत होती, तिच्या मांडीवर मूलही होतं.

नकार यायला लागले. एकजण म्हणाला, "भैया लोग नहीं चाहिए." एका बाईनं पाण्याचं कारण दिलं. एकानं आधी जात विचारली, मग मांसाहाराचं विचारलं आणि मग खोली गेली म्हणून सांगितलं. त्यालाच दुसऱ्या दिवशी मराठीतून फोन गेला तेव्हा ती खोली परत आली होती. मी तक्त्यात खुणा करत होते. त्या करताना मला एक प्रकारचं समाधान व्हायचं, हे आज कबूल करायला हवं. बघा, मी म्हणत होते तेच निघालं की नाही.

त्या समाधानाचं मूळ जुनं आहे. आम्ही निपाणीचे. आजी तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वडील शिकले आणि सरकारी कचेरीत कारकून झाले. त्यांची बेळगावला बदली झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. स्कूटरवर पुढं उभी राहून मी त्यांच्याबरोबर खोल्या बघत हिंडले. वडगाव म्हणजे बेळगावातली विणकरांची वस्ती. तिथल्या एका घरात, मागांच्या खटखटाटात, बाईनं आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, मोरी दाखवली. मग आडनाव विचारलं. वडिलांनी सांगितलं. बाई आत जाऊन आली आणि म्हणाली, "खोली दिलेली हाय वो, कालच. माझ्या ध्यानातच न्हवतं." आम्ही निघालो. पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीतून गेलो तर पाटी तिथंच होती. वडिलांनी ती मला दिसू नये म्हणून स्कूटरचा वेग वाढवला होता, पण मला तेव्हा नुकतंच वाचायला यायला लागलं होतं आणि मी दिसेल ते वाचत सुटायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर वडगाव, शहापूर आणि तिथली झाडून सगळी विणकरांची घरं फुंकून बाजूला ठेवली होती. तिथल्या मैत्रिणीच्या लग्नालाही मी गेले नव्हते. आणि वर्गात मी पूर्वग्रह शिकवत होते.

त्या अभ्यासातला एक नंबर वडगावचा होता. फोन एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. मागे मागांचा खटखटाट इतका, की तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मी ठरलेलं सगळं बोलले. ती आपल्याकडच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "बाई, इधर माग चलता है. आवाज भौत. बच्चा सोयेगा नहीं. पहले आके सुनके जाव."

मी म्हणाले, "अच्छा माँजी, आती हूँ." असं काहीतरी बोलून फोन संपवायचा असायचा. मग मी तक्ता पुढं ओढला. आधीच्या दोन दिवसांत मराठी आणि कन्नड फोनना त्याच बाईनं "या की बघायला" एवढंच सांगितलं होतं. आवाजाचं, झोपेचं कुणालाच सांगितलं नव्हतं. आमचा नियम स्पष्ट होता: गैरसोय जर फक्त परप्रांतीयालाच सांगितली, तर तो आडवळणाचा नकार धरायचा. मी नकाराच्या रकान्यात खूण केली. हात जराही अडखळला नाही.

त्या खुणेचा एक परिणाम होता. जिथं होकार मिळायचा तिथं आम्ही दुसऱ्या दिवशी परत फोन करून "दुसरीकडे खोली मिळाली, माफ करा" असं सांगायचो. कुणी उगाच वाट बघू नये म्हणून. जिथं नकार, तिथं परत फोन नाही. नकार देणारा कशाला वाट बघेल?

फोन करायचं काम संपलं. अभ्यासासाठी दिलेला साधा फोन मी बंद करून कपाटात टाकला. दोनएक महिन्यांनी तो परत करायचा निरोप आला, म्हणून एके दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी तो चार्ज करून चालू केला. तो टेबलावर थरथरायला लागला. एक मेसेज, दुसरा, तिसरा. फोन बंद असताना कुणाकुणाचे कॉल येऊन गेले, त्याची नोंद करणारे ते मेसेज होते. सगळे एकाच नंबराचे. पहिले काही रोजचे, मग आठवड्याचे. शेवटचा चार दिवसांपूर्वीचा. मी तक्ता काढून नंबर शोधला. वडगाव. नकार.

नकार देणारी बाई दोन महिने फोन का करत होती, याचं उत्तर मला त्या टेबलाशी बसल्या बसल्याच समजलं असावं. पण मी स्वतःला वेगळं काहीतरी सांगितलं. शिव्या द्यायच्या असतील, म्हटलं. दुसऱ्या दिवशी कॉलेज लवकर आटोपून मी वडगावला गेले.

गल्लीत शिरताना दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज येत होता. पायाखालची फरशी हलते असं वाटावं इतका. त्या घरापाशी मात्र शांत होतं. दारावरची पाटी काढलेली होती, तिचे खिळे तेवढे राहिले होते. म्हातारी उंबऱ्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. अंगानं बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"आज्जी, खोली बघायला आलते," मी म्हणाले. काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते, हेच तोंडातून निघालं.

तिनं मला वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "खोली दिलेली हाय वो."

मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण त्या क्षणी मी स्कूटरवर पुढं उभी होते. हिनं अजून माझं आडनावही विचारलं नाही, नुसत्या तोंडावरून ओळखलं, असं मला वाटलं. शेजारच्या खोलीची खिडकी उघडी होती. मी सरळ जाऊन आत डोकावले. आत कुणाचं सामान नव्हतं.

"रिकामी दिसते की," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"रिकामीच हाय. पर दिलेली हाय."

"कुणाला?"

"हाय एक बाई, लांबची. तान्हं पोर हाय तिचं." तिनं कांडी खाली ठेवली. "फोन आलता तिचा. मी म्हणलं, आधी येऊन मागाचा आवाज ऐकून जा. इथल्या माणसाला काय सांगाय लागत न्हाय, वडगावात खोली म्हणली की माग आलाच. तिला बिचारीला काय म्हाईत? येती म्हणाली. माँजी म्हणाली मला."

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी इथलीच. वडगावात घर म्हटलं की खटखटाट, हे मला सातव्या वर्षापासून माहीत होतं. मराठीतून फोन करणाऱ्या बाईला ते सांगायचं कारण नव्हतं, कन्नडमधून करणाऱ्या बाईलाही नव्हतं. जिला माहीत नव्हतं तिलाच म्हातारीनं सावध केलं, आणि मी नियम पुढं करून तिला नकाराच्या रकान्यात बसवली. नियमाच्या नावानं मला ओरडता येणार नाही. नियम करणाऱ्यांना वडगाव माहीत नव्हतं, मला होतं.

तिनं दार उघडून मला खोली दाखवली. का दाखवली कोण जाणे. कदाचित इतक्या दिवसांत कुणाला दाखवायलाच मिळाली नव्हती. चुना नवा मारलेला होता. कोपऱ्यात पाण्याची कळशी भरून ठेवलेली. "शिळं पाणी नगं म्हणून रोज बदलती," ती म्हणाली. वर तुळईला लोखंडी कडी ठोकलेली, पाळण्यासाठी. आणि दुपारी एक ते तीन माग बंद. माग तिच्या नवऱ्याचे, आता भाड्यानं चालवायला दिलेले. चालवणारा कुरकुर करतो, पण तिनं त्याला आधीच सांगून सवय लावायला घेतली होती. पोर दुपारचं झोपलं पाहिजे.

"दोन महिने झाले, आज्जी. ती येणार नाही असं नाही वाटलं?"

"वाटलं की. पर फोन लागंना. म्हणलं पोर आजारी पडलं आसंल, रेल्वेत आडकली आसंल. मी बी लगीन करून कानडी गावातनं आलती इथं, एक शब्द येत न्हवता मराठी. लांबनं येनाऱ्याला येळ लागतो."

त्या खोलीत कुणीतरी राहत होतं. मी तिथं उभी असताना मला ते स्पष्ट जाणवत होतं. दाराशी चपला नाहीत, दोरीवर कपडे नाहीत, पण जागा भरलेली होती. मी गळ्यातून काढलेली बाई इथं येऊन राहिली होती, तिच्यासाठी रोज पाणी बदललं जात होतं, आणि तिचं मूल दुपारी झोपत होतं. बाहेर येऊन मी पायरीवर बसले.

मग म्हातारीनं दुसरी गोष्ट सांगितली. तिला त्यात सांगण्यासारखं फार काही वाटत नव्हतं, बोलता बोलता आलं म्हणून सांगितलं. माझ्या फोननंतर आठ-दहा दिवसांनी एक जोडपं दारात आलं होतं. तिकडचंच, हिंदी बोलणारं. बाईच्या कडेवर पोर. नवऱ्याला मागच्या गल्लीत मागावर काम मिळत होतं, पण मालकानं आधी राहायची सोय बघून या म्हणून सांगितलं होतं. दिवसभर सगळं वडगाव हिंडून ते दमले होते.

"मला वाटलं तीच आली. इचारलं, फोन तू केलतीस का? न्हाय म्हणाली. मग काय करनार? शब्द दिल्याला. म्हणलं, खोली दिलेली हाय."

"मग?"

"मग काय, गेली. रडली बिडली न्हाय. पोराला पदराखाली घेतलं आन गेली. ऊन लई हुतं."

त्याला ते काम मिळालं का, मी विचारलं. मिळालं नव्हतं. तिनं पुढं मागच्या गल्लीत चौकशी केली होती. तो परत आलाच नाही, कुठं गेला कुणाला ठाऊक नाही.

माझ्या वडिलांना ज्या वाक्यानं दारातून परत पाठवलं, तेच वाक्य त्या बाईला ऐकावं लागलं. आमच्या वेळी ते खोटं होतं. या वेळी सांगणारीनं ते खरं समजून सांगितलं, आणि ते तिच्या तोंडी मी घातलं होतं. दिवसभर नकार ऐकून ती बाई वडगावातल्या ज्या दारात आली, तिथं तिला खोली मिळाली असती. पाळण्याची कडी ठोकून मिळाली असती. मी मध्ये नसते तर.

अभ्यास घेणाऱ्या सरांना मी हे नंतर सांगितलं. खोटं कशाला बोलू, ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी ती खूण बदलायला परवानगी दिली, झालेली चूक अहवालात नोंदवली आणि म्हणाले, "एका फोननं निष्कर्ष बदलत नाही, मन लावून घेऊ नका." ते बरोबरच आहे. बाकीचे नकार खरेच होते, मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते. अहवालात आमचं गाव जसं आहे तसंच उमटलं. मी ते वर्गात शिकवते. फक्त आडवळणाच्या नकारापाशी आले की पाणी प्यायला थांबते.

पण पायरीवरचं पुढचं बोलणं मी सरांना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

मी म्हातारीला म्हणाले, "आज्जी, फोन करणारी ती बाई मीच."

तिला कळलं नाही. मग मी तोच आवाज काढला. "अच्छा माँजी, आती हूँ." माझ्या तोंडून तो शेवटचा निघाला, त्यानंतर मी कधी काढलेला नाही. म्हातारीनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिली. कशासाठी केलं ते मी सांगायचा प्रयत्न केला. लोक बाहेरच्यांना कसं वागवतात ते बघायचं होतं, असं काहीतरी. माझं मलाच ते ऐकवत नव्हतं.

"आन पोर?" तिनं विचारलं.

"पोर नव्हतं."

तिनं खाली ठेवलेली कांडी परत हातात घेतली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला म्हणाले, खोली आता कुणालाही द्या, आणि ते जोडपं, त्यांचा काही पत्ता, एखादा नंबर असेल तर द्या, मी शोधते, मी स्वतः जाऊन घेऊन येते. मी फार भराभर बोलत होते.

"देत हुती ती नंबर," म्हातारी म्हणाली. "खोली मोकळी झाली तर सांगा म्हणाली. मी घेतला न्हाय. म्हणलं कशाला, खोली जिला दिली तिचा, म्हंजी तुमचा, नंबर हाय की माझ्याकडं."